आपला कुत्रा कुणाला चावला तर: गोव्यात कुत्रा पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी डॉक्टर नाही, पशुवैद्यही नाही. घरी तीन कुत्रे आहेत. त्यांतला टायगर एका सकाळी आमच्या पोदेराला (सायकलवरून पाव विकणाऱ्याला) चावला, आणि तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, कुठून ना कुठून प्रश्न येतच असतात. चावल्यावर घाबरून विचारले जाणारे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण तिथे वेळ नसतो. चावू नये म्हणून काय करायचं ते त्यानंतर. अडनिडे प्रश्न शेवटी आहेत.

१. आपला कुत्रा कुणाला चावला तर पहिल्यांदा काय करायचं?

कुत्र्याला आत घालून दार लावा आणि त्या माणसाला नळाखाली न्या. जखम वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ बघून धुवा. अंदाजाने धुणारे लोक दोन-तीन मिनिटांत थांबतात. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि साबणाने त्याचं वरचं आवरण फुटतं, म्हणून कपड्यांचा साबणसुद्धा चालतो. नळ नसेल तर विहिरीवर कळशीने पाणी ओतत राहा. नंतर पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक असेल तर लावा.

हळद, मिरचीपूड, चुना, खोबरेल, कॉफीची पूड, कसलाही पाला जखमेत भरू नका. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते आणि डॉक्टरला ती साफ करताना त्रास होतो. घट्ट पट्टी बांधू नका. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ला फोन करा. चेहरा, मान, डोकं किंवा हाताचं बोट असेल तर धुऊन झाल्यावर एक मिनिटही वाया घालवू नका.

मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र. जखम मोठी असेल तर म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. धनुर्वाताचं इंजेक्शनही तिथेच मिळतं. तुमच्या गाडीने तुम्ही स्वतः घेऊन जा. आणि जखम धूत असताना "आमचा कधी चावत नाही, तुम्हीच काहीतरी केलं असणार" हे वाक्य तोंडातून काढू नका. समोरचा माणूस रक्त बघून आधीच घाबरलेला असतो. या वाक्याने तो चिडतो, वाद सुरू होतो आणि धुणं अर्धवट राहतं.

२. माझ्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे. मग त्या माणसाला इंजेक्शनं कशाला?

तो निर्णय तुमचा नाही, डॉक्टरचा आहे. तुमचं काम एवढंच की कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्यायचं. त्यावरची तारीख, लसीचं नाव, पशुवैद्याची सही डॉक्टर बघतात. पण लस चुकून उन्हात राहिलेली असू शकते, वर्ष उलटून गेलेलं असू शकतं, एखाद्या कुत्र्याच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झालेली नसू शकते. म्हणून कार्ड असलं तरी डॉक्टर सहसा लस सुरू करतात आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. अशा आजारात "बहुतेक काही होणार नाही" यावर कुणाचा जीव ठेवू नये.

३. दात नुसता लागला, रक्त आलं नाही. किंवा फक्त चाटलं. तरी जायचं का?

कातडी अखंड असेल आणि कुत्र्याने फक्त चाटलं असेल तर धुतलं की झालं. कपड्याने न झाकलेल्या कातडीवर दात घासला असेल, ओरखडा उठला असेल, तर रक्त नसलं तरी लस लागते. रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीवर, ओठावर, डोळ्यावर लाळ गेली, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार संरक्षण देणारं इंजेक्शनही द्यावं लागतं. लहान मूल "काही नाही झालं" म्हणत असेल तर त्याचे कपडे काढून अंग नीट बघा. मार बसेल या भीतीने मुलं ओरखडे लपवतात. आमच्या शेजारची एक मुलगी पोटरीवरचा ओरखडा दोन दिवस मोज्याखाली झाकून शाळेत गेली होती.

४. ती पोटातली चौदा इंजेक्शनं अजून घ्यावी लागतात का?

नाही, ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता दंडावर चार किंवा पाच वेळा घ्यावी लागतात. कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस (त्याला शून्य म्हणतात), मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. स्नायूत दिली तर त्यात चौदावा दिवसही येतो. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल तर शून्य आणि तिसरा एवढे दोनच डोस लागतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. म्हणून जुना कागद फेकू नका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान बाळ, सगळ्यांना ही लस देतात.

इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच आणि जखमेच्या भोवती टोचतात. ते दुखतं, खोटं सांगणार नाही. लसीने शरीराला स्वतःचं संरक्षण उभं करायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस हे तयार संरक्षण कामाला येतं. पहिल्या दिवशी राहून गेलं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. लोक दोन डोस झाले की बरं वाटतं म्हणून थांबतात, तसं करू नका.

५. "दहा दिवस लक्ष ठेवा" म्हणजे नेमकं काय करायचं?

कुत्र्याला घरातच, आवारातच ठेवायचं. कुणाला द्यायचं नाही, गावाला न्यायचं नाही, मोकळं सोडायचं नाही. रोज खातो का, पाणी पितो का, आवाज बदलला का, मागच्या पायांत लटपट आहे का, बघायचं. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसायच्या थोडे दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणून चावला त्या दिवशी लाळेत विषाणू असता तर दहा दिवसांत कुत्रा धडधाकट राहिला नसता. हा हिशोब कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. माकड किंवा कोल्हा चावला तर तो लावू नका.

इथे एक गोष्ट नीट सांगतो. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळून धावत नाही. काही गप्प होतात, पलंगाखाली शिरतात. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, माशाचा काटा किंवा हाड घशात अडकलंय, आणि ते प्रेमाने तोंडात हात घालतात. तो हात घालू नका. खोलीचं दार लावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा.

दहा दिवसांत कुत्रा मेला किंवा नाहीसा झाला तर चावलेल्या माणसाला आणि त्याच्या डॉक्टरला त्याच दिवशी कळवा. कुत्रा व्यवस्थित राहिला तर पुढचे डोस घ्यायचे की नाही तेही डॉक्टरनेच सांगायचं.

६. गोव्यात रेबीज संपलाय ना? मग एवढी धास्ती कशाला?

खूप कमी झाला, आणि तो आपोआप कमी झाला नाही. मिशन रेबीज या संस्थेची माणसं राज्य सरकारबरोबर २०१४ पासून वाड्यावाड्यावर फिरली. भटक्या कुत्र्यांना जाळीत धरून टोचायचं, अंगावर रंगाचा ठिपका द्यायचा, शाळांत जाऊन मुलांना सांगायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. २०२१ मध्ये सरकारने गोव्याला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं.

नियंत्रित झाला, पण संपलेला नाही. पत्रादेवी, मोले, पोळे इथली सीमा कुत्र्यांना माहीत नसते. गावातल्या साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस असेपर्यंतच साथीची साखळी तुटलेली राहते. दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात, त्यामुळे हा आकडा राखावा लागतो. तुमच्या घरचं एक बिनलसीचं पिल्लू याच हिशोबात येतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग पशुवैद्य सांगेल त्या तारखेला पुढची, मग दरवर्षी. पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी करून परवाना घ्या, गळ्यात पट्टा आणि बिल्ला ठेवा.

७. आमचा कुत्रा एकदम चावला. आधी काहीच केलं नव्हतं. असं होतं का?

माझ्या अनुभवात जवळजवळ नाही. त्याने सांगितलेलं असतं, आपण वाचलेलं नसतं. टायगरचंच सांगतो. पोदेराचा भोंगा वाजला की तो आधी भुंकायचा. मग काही महिन्यांनी भुंकणं थांबलं. आम्हाला वाटलं, सवय झाली. तो बलकांवाच्या (घराच्या पुढच्या पडवीच्या) पायरीवर उभा राहायचा, अंग लाकडासारखं ताठ, शेपूट न हलवता वर, तोंड मिटलेलं. एकदा डोळ्याचा पांढरा भाग दिसला होता, तो मला आजही दिसतो. त्या सकाळी फाटकाची कडी लागली नव्हती. पोदेराने सायकल गडग्याला (आवाराच्या दगडी भिंतीला) टेकवली, निळं प्लास्टिक बाजूला करून पाव काढायला वाकला आणि टायगरने मागून पोटरी धरली.

चावण्याआधी कुत्रा मान वळवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग आखडतो, एका जागी थिजतो, मग गुरगुरतो. हलणारी शेपूट म्हणजे खूश कुत्रा, असंही नाही. शेपूट ताठ आणि आखूड झटक्यांनी हलत असेल तर लांब राहा. कधी न चावणारा म्हातारा कुत्रा चावायला लागला तर दुखणं शोधा: कान, दात, सांधे, डोळे.

८. गुरगुरला तर फटका द्यायचा का?

नाही. फटक्याने गुरगुरणं बंद होतं, भीती बंद होत नाही. मग तो पुढच्या वेळी गुरगुरल्याशिवाय चावतो. गुरगुरला की तिथेच थांबा, माणसाला मागे घ्या, कशामुळे गुरगुरला ते लक्षात ठेवा आणि ती वेळ परत येऊ देऊ नका.

९. पोदेर, गॅसवाला, मीटर वाचणारा, पार्सलवाला रोज येतात. काय व्यवस्था करावी?

फाटकाला आपोआप बसणारी कडी लावा. खर्च थोडा आहे आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच आहे. पाव, पत्रं, पार्सल फाटकावरच देता येतील अशी पेटी किंवा पिशवी गडग्याला बाहेरून लावा. येणाऱ्याची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी दहा मिनिटं कुत्रा आत. घंटा फाटकावर हवी, दारावर नको.

"कुत्र्यापासून सावध" पाटी लावा, मोठ्या अक्षरांत. पण पाटी लावली म्हणून जबाबदारी गेली असं होत नाही. मीटर वाचणारा तुमच्या घरी कामासाठी येतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला वाचताही येत नाही.

१०. आमच्या वाड्यावर सगळेच कुत्रे मोकळे असतात. आमचाच का बांधायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याला राग आलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या गावात कुत्रा दिवसा अंगणात आणि रात्री भाटात (माडांच्या बागेत) असायचा हे खरं. तेव्हा रस्त्यावरून दिवसाला दोन सायकली जायच्या. आता भाड्याच्या स्कूटरवर रस्ता न ओळखणारे पर्यटक, पहाटे फिरायला निघणारे म्हातारे, शाळेत चालत जाणारी मुलं आहेत. स्कूटरमागे धावणारा कुत्रा चावला नाही तरी माणूस पडतो. शेजाऱ्याचा सुटा आहे म्हणून तुमच्या कुत्र्याने केलेली जखम शेजाऱ्याच्या नावावर जात नाही.

पण बांधणं म्हणजे आखूड साखळीला दिवसभर अडकवणं नव्हे. तसा कुत्रा पळू शकत नाही हे त्याला कळतं, आणि पळता येत नाही म्हणून तो चावतो. कुंपण घाला, किंवा लांब तार ताणून तिच्यावर साखळी सरकेल अशी करा, आणि सकाळ-संध्याकाळ दोरी धरून फिरवा.

११. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर माणसांनी भरतं. कुत्र्याचं काय करायचं?

माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधायच्या दिवसापासूनच त्याची जागा ठरवा: मागची खोली, पंखा, पाणी, त्याचं जुनं पोतं. पाहुण्यांची मुलं त्या खोलीत जाणार नाहीत याची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाच्या नावावर करा. "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाही. आरतीच्या वेळी झांजा आणि फटाके दोन्ही असतात, म्हणून त्याआधी त्याला फिरवून, खाऊ घालून आत घ्या. जेवणाच्या पानांजवळ कुत्रा आणि रांगतं मूल एकत्र नको.

१२. नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री) आमचा कुत्रा वेडा होतो. तेव्हा हात लावला तर चावतो.

घाबरलेला कुत्रा माणूस ओळखत नाही. त्याला ओढून बाहेर काढू नका, जबरदस्तीने मांडीवर घेऊ नका. घराच्या आतली, रस्त्यापासून लांबची खोली, खिडक्या बंद, घरातला एक माणूस शांत बसलेला. कोपऱ्यात शिरला तर राहू द्या. दिवाळीच्या पहाटे फटाके वाजतात तेव्हा फाटक उघडं ठेवू नका. त्या दिवशी पळालेला कुत्रा अनोळखी वाड्यावर जातो आणि तिथे कुणालातरी चावतो. फार घाबरत असेल तर पंधरा दिवस आधी पशुवैद्याला विचारा. चर्चच्या फेस्ताला आणि लग्नाच्या मिरवणुकीलाही हेच करायचं.

१३. घरात लहान मूल आहे. कुत्रा त्याच्यावर जीव टाकतो. तरी एकटं सोडू नये?

नाही, पाणी आणायला स्वयंपाकघरात जाईपर्यंतही नाही. मूल कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, म्हणून त्याला चावा चेहऱ्यावर बसतो. मुलाला चार गोष्टी शिकवा: खाताना, झोपेत, पिल्लांजवळ आणि बांधलेला असताना कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा आला तर धावायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर पायाकडे. पडलंच तर मुटकुळं करून मान हातांनी झाकायची.

१४. नसबंदी केली की चावणं थांबतं का?

काही बाबतींत कमी होतं: माद्यांमागे भटकणं, नरांची भांडणं, पिल्लांभोवतीचा राग. भीतीमुळे चावणारा कुत्रा मात्र नसबंदीने बदलत नाही. त्यासाठी प्रश्न ७ आणि ८. एकदा चावलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना जाळीचं मुसकं घाला, ज्यात तोंड उघडून धाप टाकता येते. कापडी आवळणारं मुसकं आपल्या उकाड्यात जिवावर बेतू शकतं. मुसक्याची सवय घरी आठवडाभर खाऊ देऊन लावा.

१५. दोन कुत्र्यांची भांडणं सोडवताना मलाच चावला. आपलाच आहे, तर सोडून द्यावं?

आपल्याच कुत्र्याचा चावा तोच चावा: प्रश्न १ पासून सगळं लागू. आणि समोरचा कुत्रा कुणाचा, त्याला लस आहे का, हे माहीत नसेल तर तुमच्या कुत्र्यालाही पशुवैद्याकडे न्या. पुढच्या वेळी मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी फेका, ताट-पळी वाजवा, मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवा.

१६. मी रस्त्यावरच्या कुत्र्याला रोज खाऊ घालते. तो कुणाला चावला तर जबाबदार कोण?

नेमून दिलेल्या जागी खाऊ घालणं गुन्हा नाही. पण जागा निवडताना मुलांची वाट, घरांची दारं, वर्दळीच्या वेळा टाळा. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्येही हेच सांगितलंय. त्याची नसबंदी आणि लस करून घेण्यात पुढाकार घ्या. तो चावला तर तुम्हीच त्याला ओळखता, म्हणून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवणं फक्त तुम्हालाच जमेल (प्रश्न ५). गळ्यात पट्टा घालून रात्री अंगणात झोपवत असाल तर गाव त्याला तुमचाच कुत्रा समजणार.

१७. पोलीस तक्रार झाली तर काय होतं? खर्च कुणी करायचा?

पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हे कलम २८९ होतं. जखम गंभीर असेल तर आणखी कलमं लागू शकतात, आणि भरपाईचा दावा वेगळा.

माझं मत स्पष्ट आहे: औषधाचा, येण्याजाण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च मालकाने न मागता द्यावा. लसीकरणाचं कार्ड, परवाना आणि झालेला खर्च याचे कागद एका फाइलमध्ये ठेवा.

१८. पिटबुल किंवा रॉटवायलर घरी आहे. आता काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण इथे सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या दोन जातींवर बंदी आणायचा निर्णय घेतला. तुमच्याकडे आधीपासून असेल तर पशुसंवर्धन खात्यात स्वतः जाऊन विचारा आणि नोंदणीचे कागद, नसबंदी, मुसकं सगळं पूर्ण ठेवा. नवा आणू नका. आणि गावठी कुत्रा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. टायगर गावठीच आहे.

१९. चावल्यावर कुत्र्याला लांब नेऊन सोडलं तर?

हे अजिबात करू नका. दहा दिवसांचं निरीक्षण तिथेच संपतं आणि चावलेल्या माणसाच्या डॉक्टरच्या हातातली मोठी माहिती जाते. उपाशी मरेल असं जनावर सोडून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० प्रमाणे गुन्हाही आहे. मारून टाकणं त्याहून मोठा गुन्हा. शिवाय तो अनोळखी, भेदरलेला कुत्रा दुसऱ्या गावातल्या मुलांच्या वाटेवर जाऊन पडतो. कुत्रा खरंच आवाक्याबाहेर गेला असेल तर पशुवैद्याशी बोला, तो तपासून मार्ग सांगेल.

२०. चावलेल्या माणसाकडे नंतर जावं का? तोंड कसं दाखवायचं?

जावं, आणि रिकाम्या हातांनी जायला संकोचू नये. तारखा लिहून घ्या आणि प्रत्येक डोसच्या दिवशी तुम्हीच गाडी घेऊन दारात उभे राहा. आमच्या पोदेराला मी तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. पहिल्या दोन वेळा तो गाडीत एक शब्द बोलला नाही. शेवटच्या दिवशी परतताना त्याने टायगर कसा आहे विचारलं. आता तो आमच्या फाटकापासून वीस पावलांवर, जांभळीखाली भोंगा वाजवतो, आणि पाव आणायला मी बाहेर जातो.